जावईबापूंचं पडद्यावरचं लग्न

ती. आई,

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण पाठवलं तर तुम्ही ते लगेच तुमच्या त्या मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकाल.

मालिकेत मी कच्च्या पुलाला मंजुरी देणारा इंजिनियर होतो. पूल पडला आणि त्यात मालिकेच्या नायिकेचे, म्हणजे डॉक्टरीणबाईंचे वडील गेले. तरी तुमच्या अख्ख्या ग्रुपला आमचं दोघांचं लग्न हवं होतं. "बिचाऱ्याला प्रेम मिळालं असतं तर तो असा वागलाच नसता," असं तुम्ही सगळ्यांना पटवत होतात.

तुमची लेक म्हणाली, "अगं आई, तो माझा नवरा आहे."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "घरी तू आहेसच. तिथे त्याला कोण आहे?"

आम्ही पोट धरून हसलो. मनातून मात्र मी खट्टू होतो, कारण त्या माणसाचा गुन्हा कुणाला दिसतच नव्हता.

काल शेवटचा भाग तुमच्या शेजारी बसून पाहिला. मी गुन्हा कबूल केला आणि डॉक्टरीणबाई माफ न करता उठून गेल्या. तुम्ही टीव्ही बंद केलात. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही.

"जावईबापू, सही करताना त्याला माहीत होतं, पूल कच्चा आहे ते?"

"होतं, आई."

"मग गेली ते बरं केलं तिने." रिमोट बाजूला ठेवत तुम्ही म्हणालात, "तरी जीव तुटतो हो त्याच्यासाठी."

आई, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळावीत, एवढ्यासाठीच मी ती भूमिका घेतली होती. सकाळपासून घरभर शीळ घालत फिरतोय. तुमची लेक विचारतेय, "आईने असं दिलं तरी काय तुला?"

तुमचा,
सुखी जावई