चार बोटांचं अंतर

॥ श्री ॥

मु. उंबरपाडा, पो. कडाव, ता. कर्जत
ता. २७ नोव्हेंबर १९३२

ती. पोपटदादास,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकडे तुझ्या कॉलेजात गाई धुवायला वेगळी खोली असते, हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दूध काढायला शिकायचं होतं तर एवढ्या लांब कशाला गेला, आपली कपिला काय लाथा मारत होती? तुझी दुभत्याची विद्या तिला अजून पटलेली नाही. भात झोडून झालं. या वर्षी दाणा बरा भरला आहे.

आता पुढचं नीट बसून वाच. आपल्या थोरल्या कोंडादादाला गावकीने वाळीत टाकलं आहे.

धाकलू पाटलांचा बैल भाद्रपदात नाहीसा झाला. ठाकरवाडीतल्या वाघ्याने तो चोरून विकला असा पाटलांनी आळ घेतला, आणि कर्जतच्या कचेरीत सगळ्यांनी तसंच सांगायचं असं देवळात ठरलं. दादाने तो बैल डोंगराखालच्या घळीत मरून पडलेला स्वतः पाहिला होता. पाटलांना त्याने सांगितलंही, पण वाडीवरचा त्यांचा राग जुना, त्यांनी ते कानाआड केलं. मग दादाने कचेरीत जे पाहिलं तेच सांगितलं. शिपाई घळीत जाऊन हाडं आणि गळ्यातली घंटा घेऊन आले. वाघ्या सुटला आणि दादा अडकला.

आता त्याच्या हातचं कोणी काही घ्यायचं नाही, त्याच्या पंगतीला बसायचं नाही. गजा न्हाव्याने त्याची दाढी करायची नाही. जो करील तोही वाळीत. घरात राहिला तर आपण सगळेच त्यात येतो, आणि माझं खालापूरला ठरलेलं लग्न मोडतं. म्हणून कोणी काही बोलायच्या आत दादाने आपली घोंगडी उचलली आणि खळ्यावरच्या खोपीत जाऊन राहिला. चंद्रावहिनी त्याची भाकरी बांधावरच्या दगडावर ठेवून परत येते. आई आपलं ताट घेऊन मागच्या दारात बसते आणि खोपीकडे तोंड करून जेवते. जेवते म्हणायचं एवढंच.

माझ्या पायी हे चाललं आहे, पोपटदादा. मला अन्न गोड लागत नाही. तू शिकलेला आहेस, काही सुचत असेल तर लिही. रागावून पाटलांना मात्र काही लिहू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पत्र मुंबईहून बोटीत चढून तुझ्यापर्यंत यायला महिना-दीड महिना जातो, तोवर इकडे काय होईल देव जाणे.

मोठ्यांना काय सांगायचं? थंडीत कान झाकून हिंड, आणि या धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मैना


॥ श्री ॥

स्ट्रासबर्ग, लँकेस्टर परगणा, पेन्सिल्व्हानिया
ता. ८ जानेवारी १९३३

चि. मैना हिस,
पोपटचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि पाटलांना चार पानी पत्र लिहून काढलं. ते शेगडीत टाकलं आहे, काळजी नको. पण मनातून ते गेलेलं नाही. आपल्या दादाने खरं सांगितलं आणि त्याची भाकरी दगडावर ठेवायची, हे मला गिळवत नाही.

इथली गोष्ट सांगतो. आधी तुला वाटेल की मी विषय सोडून भटकतो आहे, पण शेवटपर्यंत वाच. आमच्या मास्तरांनी मला सुट्टीत या बाजूचे गोठे बघायला पाठवलं. हे गाव लहान आणि फार जुनं. एकच लांब रस्ता, दोन्ही अंगांना विटांची नाही तर ओंडक्यांची घरं, काही तर आपल्याकडे पेशवाई होती तेव्हापासूनची. रस्त्यावरून मोटारी जातात आणि त्यांच्या शेजारून काळ्या घोडागाड्याही जातात. त्या गाड्या आमिश लोकांच्या. हे शेतकरी लोक, आपल्या पूर्वजांनी घालून दिलेलं सोडायचं नाही असा त्यांचा धर्म. मोटार नाही, वीज नाही. पुरुष दाढी ठेवतात आणि मिशी काढतात, बायका डोक्याला पांढरी टोपी बांधतात. त्यांचे गोठे असे स्वच्छ की तिथे जेवायला बसावं. गजाने दाढी केली नाही तरी इथे दादा शोभून दिसला असता, असं मनात येऊन मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली.

जोनस नावाच्या म्हाताऱ्याचा गोठा मी बघितला. त्याने दुपारी जेवायला थांबवून घेतलं. घरात लांब टेबल, पांढरी चादर, सगळे भोवती. म्हाताऱ्याचा मुलगा ईली मात्र एका टोकाला, थोडा आडबाजूला. बसताना माझ्या लक्षात आलं की चादरीखाली टेबल एक नाही, दोन आहेत, आणि त्यांच्यात फट आहे. माझ्या वाटीजवळच चादर खड्ड्यात गेली होती. मला वाटलं, कोणाच्या तरी धक्क्याने सरकलं असेल. आपण शेतकऱ्याची पोरं, दिसलं काम की हात जातो. मी उठलो आणि ईलीकडचं टेबल लोटून पहिल्याला भिडवलं.

मैना, घरातला आवाजच थांबला. ज्याचा घास हातात होता त्याने तो खाली ठेवला. म्हातारा उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ईलीची मान इतकी खाली गेली की मला त्याचा चेहरा दिसेना. मग त्याची आई, रेबेका, आली. माझ्यावर रागावली नाही. तिने चादरीखाली हात घातला, टेबल सावकाश ओढून पुन्हा दूर केलं, आणि वरची चादर हाताने सारखी केली. मग सगळे जेवले.

नंतर गोठ्यात ईलीनेच मला सांगितलं. त्याने मोटार घेतली, म्हणून त्यांच्या धर्माच्या मंडळींनी त्याला वाळीत टाकलं आहे. त्याच्यासोबत एका टेबलावर जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. तो भांडं खाली ठेवतो, मग दुसरा उचलतो. पहिले कित्येक आठवडे तो स्वयंपाकघरात भिंतीशी बसून जेवे. मग त्याच्या आईने ही युक्ती काढली. खाली दोन टेबलं, म्हणजे नियम पाळला. वर चादर एक, म्हणजे लेक आपल्याजवळ जेवला.

मी सात समुद्र ओलांडून आलो, आणि इथेही दगडावरची भाकरीच. यातून काही घेता आलं तर बघा. मला काही सुचत नाही, दिसलं ते लिहिलं.

आईला साष्टांग, दादाला आणि वहिनीला नमस्कार. तुझ्यावर माझा जीव आहे हे पत्रात लिहायला लावू नकोस.

तुझा
पोपटदादा


॥ श्री ॥

उंबरपाडा
ता. १९ फेब्रुवारी १९३३

ती. पोपटदादास,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

तू त्या लोकांचं टेबल ढकललंस हे वाचून वहिनीने कपाळाला हात लावला. लहानपणी दुसऱ्याच्या बैलांना आपल्या गोठ्यात बांधून आला होतास ते तिला आठवलं. पण आई हसली नाही. तिने ते पान मला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, ती फट केवढी होती? तू लिहिलेलं नाहीस. मी म्हटलं, चादर खड्ड्यात गेली म्हणजे असेल चार बोटं. तिने आपली चार बोटं जमिनीवर ठेवून पाहिली आणि भाकऱ्या थापायला लागली.

इकडे गोष्टी बिघडल्या आहेत. संक्रांतीला आई तिळगूळ घेऊन थेट खोपीत गेली, ते कोणीतरी पाहिलं. गावकीने दरडावलं की आता पुन्हा झालं तर सगळं घर बाहेर. ते खालापूरला कळलं. व्याह्यांचा निरोप आला, कोंडाजी लग्नाच्या पंगतीत दिसला तर आम्ही नवरदेव घेऊन उठून जाऊ. माणसं वाईट नाहीत, त्यांनाही आपली गावकी आहे. दादाने हे ऐकलं आणि गाठोडं बांधून ठेवलं. म्हणतो, मैनीच्या हळदीच्या दिवशी मी मुंबईला गोदीत जाईन आणि परत येणार नाही, म्हणजे कोणाच्या पानात खडा नको. मी सांगितलं, तू पंगतीत नसशील तर मी बोहल्यावर चढणार नाही. आम्ही दोघेही एकमेकांना धमक्या देतो आहोत आणि मध्ये आई चूल फुंकते आहे.

परवा आई एकटीच पाटलांच्या ओट्यावर गेली. आपल्यात बायका तिथे जात नाहीत, पण गेली. तिने विचारलं, पंगतीच्या शेवटी कोंडाजीला मधे चार बोटं जागा सोडून बसवला, तर तो पंगतीत की पंगतीबाहेर? पाटील म्हणाले, अंतर असेल तर बाहेर. मग आई म्हणाली, पण लग्नाची पंगत तुटलेली दिसू नये, अशुभ आहे, तर वरून एकच बैठक अंथरीन. पाटलांना वाटलं बाई नमली, त्यांनी होकार दिला. व्याह्यांनाही तेच कळवलं आहे. मला तिने ठाकरवाडीत वाघ्याच्या बायकोकडे, आवडीकडे, पाठवलं, की बैठकीखाली घालायला दोन चटया विणून दे.

दादा मात्र ऐकत नाही. म्हणतो, मी खोटं बोललो नाही, मग चार बोटं कशाची? त्याचं गाठोडं खोपीच्या खुंटीला तसंच आहे. मी रोज मागच्या दारातून ते आहे का बघते.

तू लांब आहेस म्हणून सुटलास असं समजू नकोस. आठवण ठेव, आणि लवकर लिही.

तुझी
मैना


॥ श्री ॥

स्टेट कॉलेज, पेन्सिल्व्हानिया
ता. २ एप्रिल १९३३

चि. मैना हिस,
पोपटचे अ. उ. आ.

हे पत्र लग्नाआधी पोचतं की नाही या चिंतेत घाईने लिहितो आहे. ती टेबलाची गोष्ट तुम्हाला लिहिली याचा मला आता पस्तावा होतो. मी गेल्या आठवड्यात पुन्हा जोनसच्या गोठ्यावर गेलो होतो. ईली गेला. कुठे ते कोणी सांगत नाही. टेबल आता एकच आहे, आणि रेबेकाबाई त्याच्या जागेवर रोज एक रिकामी थाळी ठेवतात. मला पाहून त्या एवढंच म्हणाल्या की, मी त्याला जवळ बसवत होते, पण त्याला रोज फट दिसत होती.

म्हणून आईला सांग, अंतर ठेवू नका. ईलीने निदान त्यांचा नियम मोडला होता, आपल्या दादाने काय मोडलं? चार बोटं असली तरी ती दादाला रोज चार कोस वाटतील. तुझं लग्न मोडावं असंही माझ्याने लिहवत नाही.  इतकी लांब विद्या घेऊन बसलो आहे आणि घरातल्या एका पंगतीचं मला उत्तर देता येत नाही. दादाला थांबवा, एवढंच मागणं.

तुमच्या सगळ्यांच्या मायेवर इथे दिवस काढणारा,
पोपट


॥ श्री ॥

खालापूर
ता. २१ मे १९३३

ती. पोपटदादास,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्ता बघून कळलंच असेल. लग्न झालं. दादा गेला नाही. आता श्वास घे आणि सावकाश वाच.

तुझं पत्र बरोबर हळदीच्या दिवशी आलं. अंगाला हळद लागलेली, तशीच मी ते आईला वाचून दाखवलं. रिकाम्या थाळीचं वाचून झालं. आई उठली, सगळ्यांच्या देखत सरळ खोपीत गेली, आणि दादाच्या कानाशी काहीतरी बोलून आली. काय बोलली ते तेव्हा कोणालाच कळलं नाही. थोड्या वेळाने दादाने गाठोडं खुंटीवरून काढलं, सोडलं, आणि त्यातला सदरा वहिनीकडे धुवायला दिला.

लग्नाच्या सकाळी आईने मांडवात कोणाला पाऊल टाकू दिलं नाही. बैठक तिने एकटीने घातली. वर तिने आपलं लग्नातलं हिरवं लुगडं अंथरलं, नऊ वार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. व्याह्यांना मानाची बैठक म्हणून. पंगत बसली. एका टोकाला माझे सासरे आणि पाटील, मग गावकीची माणसं, आणि शेवटी दाढी वाढलेला आपला दादा. मी ओटीवरून बघत होते. 

भात वाढला आणि पाटलांनी हात आखडला. म्हणाले, अंतर दिसत नाही. सगळ्यांचे हात थांबले. तू लिहिलं होतंस ना, घरातला आवाज थांबला म्हणून, अगदी तसं. सासऱ्यांनी मांडीवरचं उपरणं उचलून खांद्यावर टाकलं, म्हणजे आता उठणार. आई वरणाचं भांडं घेऊन उभी होती. ती ओरडली नाही, हळू आवाजातच म्हणाली, "माज्या लग्नाचा लुगडा हाय यो. ज्याला बघायचाय त्यानी उचलून बघा."

पोपटदादा, भरल्या मांडवात म्हाताऱ्या बाईचं लग्नाचं लुगडं कोण उचलणार? पाटलांनी ताटाकडे पाहिलं. सासऱ्यांनी उपरणं परत मांडीवर ठेवलं आणि पहिला घास घेतला. मग सगळे जेवले. दादाही जेवला. सहा महिन्यांनी मी त्याला माणसांत बसून जेवताना पाहिलं, आणि माझे डोळे असे वाहायला लागले की बायकांना वाटलं सासरी जायचं म्हणून रडते आहे.

गावकीने दादावरचा बहिष्कार अजून उठवलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी गजा न्हावी आपण होऊन खळ्यावर गेला, दादाची दाढी केली आणि पाटलांच्या दारावरूनच परत आला. पाटलांनी त्याला काही म्हटलं नाही. दादा आता घरात झोपतो.

खरी गोष्ट शेवटी सांगते. पंगत उठल्यावर मी आईला लुगड्याची घडी करायला मदत केली. खाली दोन चटया असतील, मधे चार बोटं मोकळी जमीन असेल, असंच मी धरून चालले होते. खाली एकच चटई होती. आवडीने विणलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मी दोनाचा निरोप दिला होता. मागाहून आई स्वतः वाडीवर जाऊन एकच विणायला सांगून आली होती, आणि तेही शिमग्याच्या आधी. हळदीच्या दिवशी दादाच्या कानाशी बोलली ते हेच. तुझं पत्र तेव्हा बोटीतसुद्धा चढलं नव्हतं, तेव्हा फार शहाणपण मिरवू नकोस.

मी म्हटलं, आये, तू तर पाटलांकडे चार बोटं मागून आली होतीस. ती लुगड्याची कड माझ्या हातात देत म्हणाली, "मागितली होती गं. पन माजा पोर नि मी, आमच्या मधी चार बोटां मी आनू कुठून?"

मग आम्ही घडी घातली. ते लुगडं तिने माझ्या पेटीत दिलं आहे. तू परत येशील तेव्हा त्यावर बसून जेव.

या नव्या घरातूनही तुझ्यावरचा जुनाच लोभ जपणारी,

तुझी
मैना