दिवस राहण्याआधीच्या गोळ्या

बोईसर, ६ ऑगस्ट १९९३

ती. सौ. आईस,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही ठीक आहोत. यांची कारखान्यात रात्रपाळी चालू आहे. सासूबाई परवाच गावाहून आल्या.

काल पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. गेल्या वर्षी आपलं बाळ पाठीचा कणा उघडा घेऊन जन्मलं आणि दिवसभरही राहिलं नाही. पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यांनी फॉलिक अ‍ॅसिडच्या पिवळ्या गोळ्या दिल्यात. दिवस राहण्याच्या आधीपासून त्या घ्यायच्या. बाळाचा कणा पहिल्याच महिन्यात, आपल्याला पत्ता लागायच्या आत तयार होतो म्हणे. गोळ्यांनी धोका पुष्कळ कमी होतो, पण हमी कुणी देत नाही. आई, मला फार भीती वाटते गं. सासूबाईंना सांगू का?

उत्तराची वाट पाहते.
तुझी सुगंधा

दापूर, १७ ऑगस्ट १९९३

चि. सौ. सुगंधास,
आईचे अनेक आशीर्वाद.

गोळ्या नेमाने घे. लहानपणी औषधाची बाटली दिसली की तू गोठ्यात लपायचीस, तसं आता करू नकोस. पण विहीणबाईंना इतक्यात काही बोलू नकोस. पोटात काही नसताना बाळाचं नाव काढलं की दृष्ट लागते. गेल्या खेपेला आपण साऱ्या गावाला सांगत सुटलो होतो. तीन महिने भरले की मीच येऊन त्यांच्या हातावर साखर ठेवीन. तोवर गोळ्यांची डबी तांदळात ठेव.

जावईबापूंना आशीर्वाद. जिवाला जप.
तुझी आई, इंदुबाई

बोईसर, २२ जानेवारी १९९४

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शेजारी राहणारी नवसी, घिवली गावची, मनाने वाईट नाही. दिवाळीत तिने मला गोळी घेताना पाहिलं आणि सासूबाईंना सांगितलं, की तुमची सून रोज गोली खाते, तिला पोर नको हाय. सासूबाईंनी तांदूळ उपसून डबी काढली आणि गटारात रिकामी केली. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मूल हवं असलेली बाई दिवस राहायच्या आधी गोळ्या कशाला खाईल, ही पाळणा लांबवायचीच गोळी. आणि खरं होतं तर लपवलंस का, असं विचारलं. हे म्हणाले, आई गावी परत जाईपर्यंत गोळ्यांचं राहू दे, दम धर.

त्या संक्रांतीनंतर गेल्या. आई, माझी पाळी चुकली आहे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लगेच पुन्हा सुरू केल्या, पण गोळ्या कधीपासून बंद होत्या ते त्यांनी दोनदा विचारलं.

देवाजवळ दिवा लाव.
तुझी सुगंधा

बोईसर, ११ डिसेंबर १९९४

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पोर आता दूध नीट पिते. मुंबईला पाठीचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. पाय मात्र कधीच हलणार नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

मी लपवायला सांगितलं म्हणून हे झालं का, असं तू प्रत्येक पत्रात विचारतेस. आता विचारू नकोस. गोळ्या चालू राहिल्या असत्या तर नक्की टळलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. टळलं नसतं, असंही म्हणत नाहीत. हेच मला आतून खातं.

सासूबाई पुन्हा आल्या आहेत. रोज तिला पायांवर घेऊन खोबरेलाने चोळतात, पुढच्या साली केळव्याच्या समुद्रावर वाळूत धावशील म्हणून तिला सांगतात. मला त्यांचा इतका राग येतो, की वाटी हिसकावून घ्यावीशी वाटते. काल त्यांनी मला विचारलं, पायांत जोर कधी येणार. या वेळी मी लपवलं नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

सासूबाई वाटीतलं तेल संपेपर्यंत पाय चोळत राहिल्या.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी सुगंधा