चौतीस की त्रेचाळीस

३ फेब्रु., मंगळ
मामाने सकाळी त्याच्या वायरलेस-दुरुस्तीच्या दुकानातून हाकललं. दुपारी परत बोलावलं, कारण बारीक सोल्डरिंग त्याला दिसत नाही.
गुन्हा: मिरकरवाडा बंदरातल्या दोन ट्रॉलरना वायरलेसवरून त्यांच्या मालकाचा आवाज काढून सांगितलं, "जाळी उचला, फिशरीजचे साहेब येतायत, परत फिरा." दोन्ही फिरले. मालक दुकानात, लाल.
"भाच्याला आवर, नायतर समुद्रात टाकीन."
मामा: "टाका. तरंगंल तो."
आज एक हातातला सेट दुरुस्तीला आला. मस्कतवाल्या कोणाचा तरी. यावर विमानं ऐकू येतात. बोलताही येतं. मामा म्हणाला, "तपासायला ऐक हवं तर. पण बोलायचं बटण दाबलंस तर बोट तोडीन."

५, गुरु
सेट घेऊन गावावरच्या उघड्या सड्यावर. बरोबर अल्ताफ, शाळेपासूनचा, बारावीलाही माझ्याबरोबरच आपटलेला. कातळावर बसलो की सगळं आभाळ आपलं.
मजा अशी की फक्त पायलट ऐकू येतात. खाली मुंबईत कंट्रोलवाले बसतात, तू वर जा, तू खाली ये सांगतात, ते इथपर्यंत पोचत नाही. शेजारणीच्या फोनसारखं. नुसतं "हो हो, बरं, ठेवते". पलीकडचं आपण लावायचं.
मी लावलं. कंट्रोलचा साहेब. नाकातून, कंटाळलेला, जेवण जड झालेलं इंग्लिश. बटण न दाबता. अल्ताफ कातळावर लोळला. "मंग्या, मेल्या, तुला तिकडे नोकरीच देतील."
विमानांचे नंबर वहीत मराठीत लिहितो. इंग्लिशमधे आकडे जुळवेपर्यंत विमान गोव्याला.

८, रवि
सगळं नीट लिहून ठेवतो.

अल्ताफचा मोठा भाऊ साजिद आज मस्कतहून येणार होता, विमानाने गोव्याला, तिथून गाडीने घरी. अल्ताफ म्हणाला, भाईचं विमान ऐकू. नंबरच्या शेवटी त्रेचाळीस. सव्वाचारला लागलं. सदतीस हजार फुटांवर. वहीत लिहिलं.
त्याच्या आधी एक चौतीस होता. केरळातून वर मुंबईला चाललेला, अडतीस हजारावर.
दोघांच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. एक समुद्राकडून, एक दक्षिणेकडून. कात्रीसारख्या.
मग पायलट बोलला, "थ्री फोर, डिसेंडिंग थ्री वन झीरो." म्हणजे चौतीस खाली यायला निघाला. एकतीस हजारावर.
मी वहीत बघितलं. मधे सदतीसवर साजिदभाई.
गोव्याला उतरायचंय त्रेचाळीसला. खाली यायचा हुकूम त्याचा असणार. उत्तर दिलं चौतीसने. थ्री फोर, फोर थ्री. ऐकायला भाऊ-भाऊ.
अल्ताफला सांगितलं. तो म्हणाला, "मुंबईवाल्यांना कळलं असेल ना?"
थांबलो. मोजलं नाही किती. सेटवर कोणी चूक सुधारली नाही. रेघा जवळ.
दाबलं. आणि तोंडातून माझा आवाज नाही, तोच साहेब आला, नाकातला. "स्टॉप डिसेंट, मेंटेन लेव्हल." पण त्याच्या आधी नंबर घेतला तो,
फोर थ्री.
चौतीसला सांगायचं होतं. चौतीस म्हणताना आधी चार येतो, मग तीस. डोक्यात मराठी, तोंडात इंग्लिश, चार पहिला पडला.
लगेच उत्तर. "फोर थ्री, मेंटेनिंग थ्री सेवन झीरो." एकदम आज्ञाधारक. साजिदभाईचं विमान जिथे थांबायला नको तिथेच, सदतीसवर, मी थांबवलं.
परत दाबायला गेलो. अल्ताफने हात धरला. मग एक पायलट ओरडला, "आर ए! आर ए!" लगेच दुसरा. एक रेघ वर तुटली. मग कोणीतरी धापा टाकत, "क्लियर ऑफ कॉन्फ्लिक्ट." म्हणजे टळलं.
सेट बंद केला. सड्यावरून खाली उतरलो.

९, सोम
साजिदभाई आला. बघितल्यावर रडू आलं, त्याला वाटलं प्रेमाने.
म्हणाला, "चहाचे कप वर गेले रे. कप! मग आम्ही सगळे. माझा पट्टा होता. बाजूच्या चाचांचा नव्हता, डोकं छताला, टाके पडले." मग हसला. "अम्मीची दुवा कामाला आली."
मला अत्तर आणलंय. कुपी खिशात आहे. लावली नाही.
अल्ताफ त्याच्यामागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. नजरेने म्हणत होता, गप.
आर ए काय ते मोबाईलवर बघितलं. दोन विमानं फार जवळ आली की विमानातलं मशीनच ओरडतं, तू वर, तू खाली. म्हणजे माणसं सगळी चुकली होती. मशीनने वाचवलं.

१२, गुरु
पेपरात आलं. चौकशी चालू. कंट्रोलवरच्या बाईंना घरी बसवलंय. त्या म्हणतात, मी त्रेचाळीसला थांबा सांगितलंच नाही. पायलट म्हणतो, सांगितलं, आम्ही ऐकलं. मुंबईच्या टेपवर "थांबा" कुठेच नाही. पेपरवाला लिहितो, कोणीतरी खोटं बोलतंय.
दोघंही खरं बोलतायत. माझा आवाज वरती पोचला, मुंबईला नाही. त्यांचा आपल्याकडे पोचत नाही, तसाच.
मी नसतो बोललो तर? बाई तेवढ्यात सावरणार होत्या? माहीत नाही. त्यांची बाजू मला कधी ऐकूच आली नाही. बाई होत्या हेपण आज कळलं. मी साहेब लावला होता.

१३, शुक्र
मामाला सांगितलं. वाटलं मारेल. तो स्टुलावर बसला.
"मुद्दाम?"
"नाय."
"नक्की नाय? तुझा काय भरवसा!"
इथे राग यायला हवा होता. नाही आला.
मग म्हणाला, दुकान बंद होईल, तू आत जाशील, तुझ्या आवशीला, माझ्या बहिणीला, मी काय सांगू. तासाभराने शटर उघडता उघडता: "त्या बाईला पण आवस असंल."

१६, सोम
चौकशीच्या हापिसात फोन. तिसऱ्या माणसाने ऐकून घेतलं.
"कुठून बोलताय?"
"रत्नागिरी."
"आणि तुम्ही कंट्रोलर बनलात?"
"हो. आवाज काढला."
मागे कोणीतरी हसलं. "बाळा, टेपवर काही नाही. काहीही उचलून सांगू नकोस, इथे बाईंच्या नोकरीचा प्रश्न आहे."
आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय फोनवर. वहीतले आकडे वाचून दाखवले. सव्वाचार, सदतीस, अडतीस, एकतीस. हसणं थांबलं. म्हणाले, फोन करू.
तेव्हापासून मनात एकच घोकतोय. थ्री फोर, स्टॉप डिसेंट. थ्री फोर. आंघोळीला, जेवताना. म्हणायला हवं होतं ते.

१९, गुरु
अकराला फोन आला. मामाने शटर अर्धं ओढलं. अल्ताफ दारात. स्पीकरवर टाकला.
चौकशीच्या मॅडम. शांत. "लाइनवर गोव्याला चाललेल्या त्या विमानाचे कॅप्टन आहेत. तुम्ही त्या दिवशी जे बोललात, त्याच आवाजात, तेच म्हणा. एकदाच. त्यांना ओळखू द्या."
मामाने पाणी पुढे केलं. डोळे मिटले, साहेब आणला, नाकातला, कंटाळलेला. आवाज बरोब्बर लागला. मलाच अंगावर काटा.
"थ्री फोर, स्टॉप डिसेंट, मेंटेन लेव्हल."
अल्ताफने कपाळाला हात लावला. तेव्हा कळलं. तीन दिवस घोकलेलं बरोबरच आलं तोंडातून. जे चुकायला हवं होतं ते आज चुकलं नाही.
मग कॅप्टन, हळू, "आवाज... कदाचित. पण हा नाही. आमचा नंबर घेतला होता त्याने. आमचाच."
"मॅडम, थांबा," मी म्हटलं, "ते चौतीस म्हणताना आधी चार येतो ना, म्हणून—"
"काय येतो?"
"चार. मराठीत. मी परत म्हणू? एकदाच म्हणतो."
मागे कागद हलवल्याचा आवाज. त्यांनी फोनवर हात ठेवला बहुतेक, दोघं काहीतरी बोलत होते, समुद्राखालून बोलल्यासारखं. आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो.
फोन चालू होता. सेकंद पुढे सरकत होते.