लूम थांबल्यावर

शुक्रवार, रात्र

बाबांचं पोट आजही साफ झालं नाही. शेजारचा लूमचा कारखाना भंगारात गेला तेव्हापासून हेच चाललंय, आणि मी आपली पपई, इसबगोल करत बसले.

आज डॉक्टर म्हणाले, आतड्यांना मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं, तेही सवयी शिकतं, धरून ठेवतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी जन्मभर नारपोलीतल्या कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. चालू लूम सोडून उठायची सोय नव्हती. शिफ्ट बदलताना खडखडाट थांबला की मगच संडासला. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं तरी शेजारचे लूम थांबले की ते उठायचे. आता थांबायला आवाजच उरला नाही.

पण मला लागलं ते वेगळंच. आतड्यांना लूम आठवतात, आणि मी, एकुलती एक मुलगी? मला ते ओळखतसुद्धा नाहीत. आतड्यांचा कसला हेवा करतेय मी?

संध्याकाळी आईचं शिलाई मशीन त्यांच्या खाटेजवळ ओढलं आणि कापडाशिवायच चालवत राहिले. बराच वेळ. मग एकदम थांबवलं.

बाबा उठून बसले. माझ्याकडे बघत म्हणाले, "सुटली काय रे शिफ्ट?"

"सुटली," मी म्हणाले.

"मंग मी जातो घरी. पोरगी वाट बघत आसंल."