फोन उचलण्याची जबाबदारी

मी, ईश्वर दशरथ खोब्रागडे, वय ६८, मूळ भंडाऱ्याचा, दूरसंचार खात्यातून निवृत्त, राहणार इंदिरानगर, लखनऊ. डोकं ठिकाणावर आहे, दबाव कोणाचाही नाही आणि तोंडात सिगारेट नाही. अशा स्थितीत माझ्यामागे काय कोणाचं, ते लिहून ठेवतो.

१. राहतं घर व सर्व ठेवी पत्नी कमल हिच्या. तिच्या पश्चात उरेल ते मुलगा राजरत्न व मुलगी भावना यांना सारखं. राजरत्न सिगारेट सोडील तरच त्याला हिस्सा द्या, असं वकीलसाहेब म्हणाले. मी साफ नकार दिला. घरासाठी सिगारेट सोडलेला माणूस ती लपून ओढतो.

२. हत्यारांची पेटी भावनाला. राजरत्नाने रागावू नये. त्याने पक्कड हातात घेतली की घरातला फ्यूज उडतो.

३. माझी शिडी मित्र श्रीपाद वासनिक याने लखनऊजवळच्या बख्शी का तालाब या गावी आपल्या शेतावर नेली. मागून मागून थकलो. ती आता त्याचीच समजावी, कारण माझी सिगारेट त्याच्यामुळे सुटली. आम्ही दोघांनी एकदमच सोडली. ठरलं एवढंच: तलफ आली की दुसऱ्याला फोन करायचा, त्याने तो उचलायचाच, आणि सिगारेटचं नाव काढायचं नाही. तो वांग्यांवरच्या किडीबद्दल बोलत राही. ऐकता ऐकता तलफ निघून जाई. भावनाच्या लग्नात मी घसरलो, एक ओढली. दुसऱ्या दिवशी लाजत फोन केला, तर गडी पुन्हा वांग्यांवरच! त्यानंतर मी सिगारेटला हात लावलेला नाही. हा उपाय चालतो, हे मी छातीठोकपणे सांगतो.

४. राजरत्नाने दोनदा सोडून पुन्हा धरली. त्याचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येतो आणि मला भीती वाटते. पण मी उपदेश करतो, तो उठून जातो. म्हणून माझ्या मृत्यूनंतर त्याचा फोन उचलण्याची जबाबदारी भावनाची राहील.

दुरुस्ती: सहीपूर्वी हे सर्वांना वाचून दाखवलं. राजरत्न म्हणाला, "बाबा, इसके लिए आपके मरने का इंतज़ार क्यों करूँ? आप ही उठा लीजिए ना. बस, भाषण मत देना."

कमल म्हणाली, "अहो, लिहा की मग!"

सबब कलम ४ रद्द. आजपासून फोन मी उचलीन. भाषण देणार नाही, हे साक्षीदारांसमोर कबूल करतो. या कामासाठी मला बरीच वर्षं जगणं भाग असल्याने हे मृत्युपत्र अमलात येण्यास विलंब होईल. संबंधितांनी धीर धरावा.

सही: ईश्वर द. खोब्रागडे
साक्षीदार: १. सुधीर मेश्राम २. नीलम गजभिये
लखनऊ, ९ फेब्रुवारी २०२५