व्हर्लीनच्या माघारी बिस्किटं

सोमवार, ३ ऑगस्ट

व्हर्लीन गेल्याला आज तीन आठवडे झाले. गेली म्हणजे पळून गेली नव्हे. बहिणीकडे, इमोजीनकडे गेली आहे, वीस मैलांवर. हवापालट. चार सुटकेसा आणि शिलाईचं मशीन नेलं आहे, पण बायकांना सामान लागतंच.

कारण क्षुल्लक. आमचे पाद्री ब्रदर लामार न्याहारीला आले होते. मी सहज म्हणालो, चौतीस वर्षं हिची बिस्किटं खातोय, ही अजून शिकतेच आहे. पाद्री हसले नाहीत. व्हर्लीनने एप्रन काढला, नीट घडी घातली आणि माझ्या ताटात ठेवला. ग्रेव्हीवर.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात उपमुख्याध्यापक होतो. चुका दाखवणं हे प्रेमाचंच काम आहे. लोकांना कळत नाही.

निर्धार: बिस्किटं स्वतः करणार. इंग्लंडात म्हणे बिस्किट म्हणजे चहात बुडवायची कडक चकती. असो बापडी. आपलं अलाबामाचं बिस्किट: गरम, मऊ, ताकात मळलेलं, चार बोटं उंच, पदरापदराने सुटणारं. सोळा तारखेला चर्चचा वार्षिक मेळावा आहे, झाडाखाली जेवण. व्हर्लीन येणारच. माझं बिस्किट खाईल, चूक उमगेल, गाडीत येऊन बसेल.

तेरा दिवस आहेत. दोन पुरेत.

मंगळवार, ४ ऑगस्ट. सकाळी १०

मैदा, लोणी, ताक. बेकिंग पावडर चिमूटभर. एवढ्याचा या बाईने चौतीस वर्षं केवढा गवगवा केला!

दुपारी १२

निघाली. किंचित चपटी. पदर सुटेनात. सुरी बदलली. करवतीचा विचार मनात येऊन गेला.

दोष ओव्हनचा. तो व्हर्लीनने निवडला होता.

गुरुवार, ६ ऑगस्ट

शेजारच्या ऊइडाबाई, वय एक्याऐंशी, कुंपणावरून सगळं बघतात. म्हणाल्या, हॉयट, लोणी बर्फासारखं गार हवं रे, हात लावायचा तो भरभर. कुरवाळत बसलास तर वितळणारच. बायकोला कधी कुरवाळलं नाहीस, आता लोण्याला कशाला?

अशिक्षित बाई आहे.

कोंबड्यांसाठी सहा बिस्किटं घेऊन गेल्या. संध्याकाळी पाच परत आणून दिली. सहाव्याला चोच मारलेली कोंबडी झाडाखाली बसून आहे, कुणाशी बोलत नाही म्हणाल्या.

संध्याकाळी ७

इमोजीनकडे फोन. व्हर्लीन झोपली म्हणे. सात वाजता! दुःखात माणसाला झोप फार येते.

शुक्रवार, ७ ऑगस्ट. सकाळी ५

पुन्हा फोन. इमोजीन खेकसली, ती घरात नाही, केव्हाच बाहेर पडली. एवढ्या पहाटे! बिचारी सैरभैर भटकत असणार. आता वेळ घालवून चालणार नाही.

दुपारी

आजची खेप बाहेरून काळी, आतून ओली. सरासरी काढली तर उत्तम भाजली गेली.

रविवार, ९ ऑगस्ट

चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं: मेळाव्याला चार डझन बिस्किटं मी आणणार, स्वतःच्या हातांनी केलेली. कुणीतरी खोकलं. ब्रदर लामार म्हणाले, देव दयाळू आहे. पाठिंबा दिसतो.

बाहेर पडताना ऊइडाबाईंनी दंड धरला. म्हणाल्या, शहाणा असशील तर एकदा हायवेवरच्या हॉटेलात जाऊन खा. तिथली बिस्किटं सध्या खासच झालीत. शिकशील काहीतरी. मी म्हणालो, ट्रक ड्रायव्हरांकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही. माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. का कोण जाणे.

मंगळवार, ११ ऑगस्ट

ट्रे उघड्या हाताने धरला. तळवा भाजला. पण त्यामुळेच व्हर्लीन फोनवर आली! इमोजीनला म्हणालो, जीवावर बेतलंय. व्हर्लीनने विचारलं, कुठला हात? उजवा, म्हणालो. म्हणाली, मग डाव्याने फोन ठेव आणि हात थंड पाण्याखाली धर.

काळजी! आवाजात स्पष्ट काळजी होती.

गुरुवार, १३ ऑगस्ट

अकरावी खेप. ऊइडाबाई न बोलावता स्वयंपाकघरात आल्या. पीठ घडी घालून घालून लाटायचं, तसे पदर पडतात. कापताना पेला गरगर फिरवायचा नाही, कडा मिटतात, मग बिस्किट वर कसं येणार? सरळ दाब, सरळ उचल. मी त्यांना समजावलं की फिरवण्यामागे शास्त्र आहे. त्या खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, व्हर्लीनने तुला मारलं कसं नाही, याचंच मला नवल वाटतं.

जाताना एक बिस्किट घेऊन गेल्या. त्यांच्या फाटकाला अडसर म्हणून लावलंय. वाऱ्यात हलत नाही.

शनिवार, १५ ऑगस्ट. सकाळी ९

मेळाव्याच्या चार डझनांची खेप काढली. काही बोलायचं नाही.

सकाळी ११

पुढारी लोक सगळी कामं स्वतः करत नाहीत. करवून घेतात.

दुपारी १

हायवेवरच्या हॉटेलात जाऊन आलो. टोपी डोळ्यांपर्यंत ओढली, आत गेलो नाही, बाजूच्या खिडकीतून चार डझन घेतली. घरी येऊन आपल्या ट्रेमध्ये लावली. वरून थोडं पीठ भुरभुरवलं. अंगावरही.

गाडीत एक खाल्लं. मग आणखी तीन. काय बिस्किट! बोट लावलं की पदर सुटतो, आत वाफ, ताकाचा जरासा आंबटपणा, लोणी जिभेवर येऊन थांबतं. मला आईची आठवण झाली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

व्हर्लीनने आयुष्यात असं एक तरी करायला हवं होतं.

रविवार, १६ ऑगस्ट. संध्याकाळी ५

जे झालं ते क्रमाने लिहितो.

ट्रे पाऊण रिकामा झाला दहा मिनिटांत. लोक खात होते आणि माझ्याकडे बघत होते. व्हर्लीन आली. केस कापलेत. दहा वर्षांनी लहान दिसते, हे मला आवडलं नाही. तिने एक बिस्किट उचललं, मधोमध उघडलं, नाकाशी नेलं. खाल्लं नाही. विचारलं, हॉयट, ही तू केलीस? मी म्हणालो, या हातांनी. पट्टी दाखवली.

म्हणाली, कशी केलीस सांग ना. सगळ्यांना ऐकू दे.

सांगितलं. बाकावर उभा राहून. गार लोणी, तीन घड्या, पेला फिरवायचा नाही. व्हर्लीनचं इतकी वर्षं नेमकं कुठे चुकत होतं तेही सांगितलं, प्रेमाने. ब्रदर लामार बुटांकडे बघत होते. ऊइडाबाई रुमालात तोंड खुपसून हलत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या.

माझं संपल्यावर व्हर्लीन म्हणाली, घड्या चार. तीन नाही. मी चार घालते. काल पहाटे तीनला उठून घातल्या.

महिन्याभरापासून त्या हॉटेलची बिस्किटं तीच करते. सगळ्या चर्चला ठाऊक होतं. अर्धं चर्च रोज तिथे न्याहारी करतं. मी ऊइडाबाईंना म्हणालो, मला सांगितलं का नाही? त्या डोळे पुसत म्हणाल्या, तू विचारतोस कधी? तू नुसता सांगतोस. आणि तिनेच सांगितलं होतं, त्याला कळवू नका, मला चार दिवस शांतपणे काम करू द्या.

व्हर्लीन चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, चौतीस वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या बिस्किटांना चांगलं म्हणालास, हॉयट. तेही स्वतःची म्हणून.

मग इमोजीनच्या गाडीत बसून गेली. लवकर झोपावं लागतं तिला.

बाकावरून उतरताना कुणी हात दिला नाही.

मंगळवार, १८ ऑगस्ट. सकाळी ७

हॉटेलात गेलो. या वेळी दारातून. टोपी हातात. रांगेत माझ्यापुढे नऊ जण होते. काउंटरवर तीच होती, कोपरापर्यंत पीठ. माझा नंबर आला. तिने बाकीच्यांना विचारलं तसंच मला विचारलं, काय देऊ?

रात्रभर जुळवलेलं भाषण होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हणालो, घरी चल.

म्हणाली, ते मिळत नाही इथे. आणि माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघितलं.

दोन बिस्किटं घेतली. गाडीत बसून खाल्ली.

चांगली होती.