शंभरातल्या सत्तर जणी

पिपरी मेघे, वर्धा
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय देवकाबाईंना,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुम्ही सगळे कसे आहात? थंडी सुरू झाली की मधुकररावांचे गुडघे कुरकुरतात, ते यंदा कसे आहेत? दिवाळीत दुकानात तुम्हाला बसायलाही फुरसत मिळाली नसेल. आमच्या यांनी परसात वांगी लावली आहेत, ती शेजाऱ्यांना वाटूनही संपत नाहीत. लेक जागृतीची बदली नागपूरला झाली, त्यामुळे आता दर पंधरा दिवसांनी घरी येते.

साडेचार वर्षांनी माझं पत्र पाहून तुम्ही दचकाल. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेतला. आधी बातम्या सांगते.

मी ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाले. मेडिकलवर नाही, वयानं. अठ्ठावन्न पूर्ण करून. तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली आपण दोघी केमोच्या खोलीत शेजारी शेजारी सलाईन लावून बसलो होतो आणि आमच्या शाळांचे केंद्रप्रमुख भेटायला आले होते. ते म्हणाले, "मॅडम, आता नोकरीचं राहू द्या, मेडिकलवर मोकळ्या व्हा." मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "काऊन? बाईचं पोट कापलं, डोकं नाई कापलं." ते बिचारे संत्री ठेवून निघून गेले. निरोप समारंभाला ते पहिल्या रांगेत होते. मी भाषणात तुमचं ते वाक्य सांगितलं, नाव न घेता. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

दुसरी बातमी अशी की मी स्कूटी शिकले, पंचावन्नाव्या वर्षी. पहिले दोन दिवस हे गाडीमागे धावले. तिसऱ्या दिवशी दमून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि मी वळण घेऊन एकटीच परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणि तिसरी. गेली दोन वर्षं मी दर मंगळवारी दवाखान्यात जाते, तपासणीला नाही, कामाला. आपल्या डॉक्टर नंदिनी मॅडमनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "ज्यांचा आजार परत आलाय त्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही. तुमचं येईल." तेव्हापासून तशी कोणी बाई आली की मी तिच्याजवळ जाऊन बसते आणि सांगते, माझाही परत आला होता. मग ती मान वर करून माझ्याकडे पाहते, पायापासून डोक्यापर्यंत. साडी, घड्याळ, पुन्हा आलेले केस, सगळं. त्यानंतर तिला ऐकू येतं.

तिथे बसून मी एक शिकले. कॅन्सर हे एकाच आजाराचं नाव नाही. तोंडाचा परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच येतो. मोठ्या आतड्याचा बराचसा तीन वर्षांच्या आत. थायरॉइडचा काही जणांना वीस वर्षांनी येतो, आणि तरी बहुतेकांवर इलाज चालतो. अंडाशयाचा, म्हणजे माझा, उशिरा सापडला तर येणारच असं धरून चालावं. तुमचा स्तनाचा, लवकर सापडलेला, तो पुष्कळ जणींना कधीच परत येत नाही. पण पाच वर्षं झाली म्हणजे सुटलो असंही त्याच्यात नसतं. सहाव्या वर्षी येतो, बाराव्या वर्षी येतो. म्हणून तर तपासणी सोडायची नसते.

चौथीच्या मुलांना मी सांगायची, मुद्दा शेवटच्या परिच्छेदासाठी ठेवू नका. आणि मी स्वतः काय करते आहे बघा.

रविवारी तुमची सून आचल माझ्याकडे आली होती. तिच्यावर रागावू नका. अंकितलाही न सांगता आली, माहेरी जाते म्हणून. पेलाभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, आईच्या टाक्याच्या जागी गाठ हाय. नवरात्रात त्यायची पाठ चोळून देऊन राह्यलती, तवा दिसली. मी विचारलं तर म्हणल्या, कोणाले सांगशीन तर याद राख." दोन वर्षं तुम्ही तपासणीला गेला नाहीत हेही तिनंच सांगितलं.

देवकाबाई, तुम्ही त्या गाठीला हात लावून पाहता आणि मग दिवसभर लावत नाही. मला माहीत आहे. मीही असंच केलं होतं.

आपला पहिला मंगळवार आठवतो का? आपण दोघींनी मिळून नंदिनी मॅडमना विचारलं होतं, परत येतो का हो? त्यांनी लपवलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्यासारख्या शंभर जणींत साधारण सत्तर जणींना येतो." तुमच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांत त्याहून खूप कमी." बाहेर आल्यावर तुम्ही माझा हात धरलात. "सत्तरातल्या तुमीच काऊन असान? तीस हायेत ना अजून." त्या तीसवर मी दीड वर्ष काढलं.

मग फेब्रुवारी २०२१ मध्ये माझा परत आला. तुम्ही एकदा भेटायला आलात, मेथीचे लाडू घेऊन. दाराजवळच्या खुर्चीत बसलात, माझ्याकडे न पाहता. पुढे लॉकडाऊन लागला आणि तुम्हाला निमित्त मिळालं. लॉकडाऊन उठला, तुम्ही आला नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी स्कूटीवर केळझरला आले होते, हे मधुकररावांनी सांगितलं का? एवढा लांबचा रस्ता पहिल्यांदाच एकटीनं कापला होता आणि तो तुम्हाला दाखवायचा होता. ते म्हणाले, ती नाई घरी, लग्नाले गेली. पडद्यामागून खोकला ऐकू आला. श्रावणात कोणाचं लग्न असतं, हे मी विचारलं नाही. पाव किलो चिवडा घेतला आणि परत फिरले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

जून २०२१. दुसऱ्यांदा केमो चालू होती. तोंडात इतके फोड होते की पाणी गिळवत नव्हतं. तुमच्या जागेवर दुसरीच कोणी बाई बसली होती. त्या दिवशी मी मनात म्हटलं, देवकाचाही परत येऊ दे. मग कळेल तिला.

शब्द अगदी हेच होते. मी रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई. एकदाच म्हटलं, पण म्हटलं. यांनाही कधी सांगितलं नाही. रविवारी आचलच्या तोंडून "गाठ" शब्द ऐकला आणि मला पहिलं तेच आठवलं. विचारानं गाठ होत नाही हे मला कळतं, मी विज्ञान शिकवलं आहे. तरी तीन रात्री झोप नाही.

म्हणून ऐका. गाठ म्हणजे परत आलाच असं नाही. टाक्यांखाली चरबी कडक होऊनही गाठ होते. आणि आला असेल, तर माझा पोटभर पसरून आला होता, देवकाबाई. त्याला चार वर्षं होऊन गेली. मी अजून गोळ्या घेते, आणि तो तिसऱ्यांदा येऊ शकतो हेही मला ठाऊक आहे. आला तर पुन्हा पाहू. मधल्या काळात मी निवृत्त झाले, गाडी शिकले, वांग्याचं भरीत खाऊन कंटाळले. शंभरातल्या सत्तर जणींत गेलं की सगळं संपतं, असं आपल्याला वाटायचं. त्या सत्तरांत किती जणी जिवंत बसल्या आहेत हे आपण विचारलंच नव्हतं.

येत्या मंगळवारी, अठराला, सकाळी आठ वाजता मी दुकानासमोर येते. घरी कोणाचं लग्न असलं तरी मी हलणार नाही. हेल्मेट दोन आहेत. तुम्ही फक्त मागे बसा, काही बोलू नका.

माफ केलंत तर बरं. नाही केलंत तरी आठ वाजता,
नलू


केळझर
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

॥ श्री ॥

मास्तरीणबाईले देवकाचा नमस्कार.

तुमी लिहून सांगतलं, म्हणून मीबी लिहूनच सांगून राह्यली. अक्षर पाहून हसू नका, सातवी शिकली मी. तिळाचे लाडू अंकितच्या हातानं पाठवतो, गूळ जरा जास्त झाला.

तुमाले सगळं मालूम हाय, तरी एकदा मले मायाच हातानं लिहू द्या. गाठ परत आलेलीच होती. तिथंच होती, बाकी कुठंच नव्हती. ९ डिसेंबरले काढली. काल रिपोर्ट घ्यायले गेलो. नंदिनी मॅडमनं कागद दोनदा वाचला, मंग म्हणल्या, "कडा साफ आहेत." मले नाई समजलं, तर म्हणल्या, गाठीच्या चारी बाजूनं काहीच राह्यलं नाई. आता मशीनीचा शेक देतीन अन् गोळ्या बदलतीन. अजून सहा महिने घरी बसल्या असत्या तर मी हे बोलू शकली नसती, असंबी म्हणल्या. आचल तिथंच रडाले लागली. मी नाई रडली. मले भूक लागलती. कँटीनमध्ये दोन प्लेट पोहे खाल्ले, तर्री घेऊन.

आता मायं टाळलेलं ऐका.

त्या मंगळवारी तुमच्या गाडीवर मांगं बसून सेवाग्रामच्या फाट्यापर्यंत तीनदा तोंड उघडलं अन् बंद केलं. तुमाले वाटते का मी तुमच्या आजाराले भेवून पळाली. घरी सगळे असंच म्हणत, मीबी म्हणू देल्लं. तसं नव्हतं बाई.

तुमचा परत आला असा फोन आला, तवा मी गॅसजवळ उभी होती. माया मनात पह्यलं काय आलं सांगू? आपल्या दोघीतून तिले गाठलं, म्हणजे मी सुटली. जसा काही तो दोघीतून एकीलेच न्याले आलता. मले एकदम हलकं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन तुमच्या घरी आली, तर तुमचं तोंड एवढंसं झालं होतं, अन् तुमी मलेच विचारलं, "तुमची तपासणी कधी आहे? चुकवू नका." मले तिथं बसवेना. तुमच्याकडं पाहवेना. मंग नाईच आली.

पडद्यामांगं मीच होती. तुमी चिवडा घेतला, गाडी चालू केली, तोवर मी तिथंच उभी. तुमी गाडी चालवून राह्यल्या हे पडद्याच्या फटीतून पाह्यलं. आमच्या यायले म्हटलं, पाहा, पाहा, मास्तरीण गाडी चालवते. ते म्हणले, मंग बाहेर जाऊन सांग ना तिले. नाई गेली.

तुमी मायं वाईट एक दिवस चिंतलं. मी चार वर्ष तुमच्या दुखण्यावर हलकी होऊन जगली. आता कोण कोणाले माफ करते? तुमी मले घ्यायले आल्या, मी मांगं बसली, मले वाटते तिथंच ते झालं. तुमाले कमी वाटत असन तर आल्यावर भांडू.

एक अजून सांगतो, मंग थांबतो. सहा वर्ष मी गावात सांगून राह्यलती का मायं पोटाचं ऑपरेशन झालं. काल दवाखान्यातून आलो तर शेजारची म्हातारी दुकानात उभी. आमच्या यायले हळूच विचारते, "वहिनीले पुन्हा काय झालं?" यायनं तराजूकडं पाह्यलं. मी आतून आली अन् सांगतलं, "मले स्तनाचा कॅन्सर हाय. सहा वर्षांनं परत आलता. कापून टाकला. रिपोर्ट साफ हाय." दुकानात चारपाच जणं होते. कोणी साखर बी मागितली नाई. मले वाटलं होतं लाजेनं मरीन मी. उलट पाठ सरळ झाली. यायनं माया अंगावरची शाल नीट केली, सगळ्यायच्या समोर. लग्नाले एकोणचाळीस वर्ष झाले, असं त्यायनं कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी हिंगणीची एक बाई आली, नंदा नावाची. साबण घेतला तरी जाईना. मंग म्हणे, वहिनी, मले आत येऊ देता का. आतल्या खोलीत तिनं ब्लाऊज बाजूले केला अन् मायाच हात धरून गाठीवर ठेवला. दिवाळीपासून हाय म्हणे. घरी कोणालेच मालूम नाई. मले विचारते, "वहिनी, निंगाली तरी परत येते ना?" मी म्हटलं, "कोणाले येते, कोणाले नाई येत. मले आली. माया मास्तरीणबाईले आली, त्यायले तर पोटभर आलती. तू आमच्याकडं पाह्य अन् मंग रड." ती रडली नाई. बसली. चहा घेतला.

तिच्या नवऱ्याशी आमचे हे बोलले. मंगळवारी, तेराले, मी तिले घेऊन येऊन राह्यली. नंदिनी मॅडमजवळ तिचा नंबर लावून ठेवजा. आमी दोघी सातच्या एसटीनं निंगतो. तुमी स्टँडवर या, अन् जरा लवकर या, मले तुमाले पह्यले एकटीले भेटाचं हाय.

तुमचीच, अन् ह्या खेपी लपल्याशिवाय,
तुमची बहीण
देवका